जुन्या फ्रेंच बंदुकीवरील ठसे : नाव, परीक्षा आणि कालनिर्णय

गेल्या वर्षी दसऱ्यानंतर आमच्या विभागातील एका पदव्युत्तर विद्यार्थिनीने काही कागद माझ्यापुढे ठेवले. तिच्या आजोळी शस्त्रपूजनाच्या दिवशी पाटावर मांडल्या जाणाऱ्या दुनळी बंदुकीवरील अक्षरांचे ते ठसे होते. बंदुकीच्या नळीखाली '१६ ६५' असे आकडे रोमन लिपीच्या परंपरेतील अंकांनी कोरलेले असून, त्यावरून ती इ. स. १६६५ मधील, म्हणजे पुरंदरच्या तहाच्या वर्षातील आहे, अशी त्या घराण्याची पिढीजात समजूत होती. शेजारी मुकुटाखाली 'पी. टी.' ही दोन अक्षरे होती. ती कोणा टोपीकर कारागिराची आद्याक्षरे असावीत, असे मानले जात असे. यंदाच्या दसऱ्यास त्या बंदुकीचा एक बार काढावा, असे घरातील तरुण मंडळींच्या मनात होते. आणि तत्पूर्वी ही फ्रेंच अक्षरे कोणीतरी वाचून द्यावीत, एवढीच अपेक्षा घेऊन ती विद्यार्थिनी आली होती.

फ्रेंच भाषा येते म्हणून हे वाचन आपल्यास सहज साधेल, असे मलाही प्रथम वाटले. आणि पहिल्या वाचनात माझ्याही हातून चूक झाली. ती कोणती, हे पुढे येईलच. त्या चुकीतून जे शिकावयास मिळाले ते असे, की बंदुकीवरील लेख हा एका व्यक्तीने लिहिलेला सलग लेख नसतो. तो निरनिराळ्या काळी, निरनिराळ्या हातांनी आणि निरनिराळ्या अधिकाराने उमटविलेल्या चिन्हांचा समुच्चय असतो. प्रत्येक चिन्हाचा कर्ता कोण, हे ठरविल्यावाचून त्याचा अर्थ ठरत नाही. या तत्त्वाचे विवरण करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. ठसे कोठे असतात व ते कसे घ्यावेत

मोडून काडतूस भरण्याच्या दुनळी बंदुकीवर लेखाची स्थाने सामान्यतः तीन असतात. दोन नळ्यांना जोडणाऱ्या वरच्या पट्टीवर नाव व गाव सुवाच्य अक्षरांत असते. ते पाहणाऱ्यासाठी असते. नळ्यांच्या मागील टोकाशी, खालच्या सपाट भागावर, लहान लहान ठशांची दाटी असते. नळ्या सोडविल्याखेरीज ती दिसत नाही. तिसरे स्थान म्हणजे या भागाच्या समोर येणारा, चापाच्या यंत्रणेचा सपाट पृष्ठभाग. उघड्यावर असते ते बहुधा विक्रीसाठी लिहिलेले असते. झाकलेले असते ते जाणकारांसाठी व कायद्यासाठी. अभ्यासकाने झाकलेल्या लेखापासून आरंभ करावा, हे इष्ट.

हे काम परवानाधारकाच्या देखत व दोन्ही कोठ्यांत काडतूस नाही याची खात्री करूनच करावे, हे सांगणे नको. गंज काढण्यासाठी आम्ल वा खरकागद वापरू नये. त्याने गंजाबरोबर अक्षरही जाते. शिलालेखाचा ठसा घेतात त्याच रीतीने पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिलीने घासावे, आणि तिरप्या प्रकाशात छायाचित्र घ्यावे. मुकुट एक आहे की दोन, अक्षराभोवती लंबगोल आहे की नाही, असल्या बारकाव्यांवर पुढचा सारा निर्णय अवलंबून असतो.

२. 'नाव' म्हणजे कोणाचे नाव?

आपण नाव वाचतो आणि तोच कर्ता, असे मानून मोकळे होतो. फ्रान्समधील शस्त्रव्यवसायाची घडण पाहता हे गृहीत धरणे धोक्याचे आहे. ल्वार प्रांतातील सेंत-एत्येन हे या व्यवसायाचे प्रमुख केंद्र. तेथे एक बंदूक अनेक छोट्या कारखान्यांतून व घरगुती भट्ट्यांतून फिरत तयार होई. नळी घडविणारा निराळा, चापाची यंत्रणा करणारा निराळा, लाकडी दस्ता बसविणारा निराळा आणि नक्षी कोरणारा निराळा. यांतील एकाहून अधिकांची नावे एकाच बंदुकीवर येऊ शकतात; शिवाय दूरच्या गावातील दुकानदाराचे नाव वेगळेच.

म्हणून नावाबरोबर येणारा व्यवसायवाचक शब्द पाहणे अगत्याचे आहे. 'कानोनिए' म्हणजे नळी घडविणारा. 'कानों' या नळीवाचक शब्दापासून तो साधला आहे. 'आर्क्ब्युझिए' हा शब्द मुळात जुन्या प्रकारच्या बंदुका बनविणाऱ्याचा, परंतु पुढे प्रतिष्ठित शस्त्रकाराने आपल्या नावापुढे मिरविलेला. 'आर्म्युरिए' हा शब्द शस्त्रकाराला लागतो, तसाच शस्त्रे विकणाऱ्या व दुरुस्त करणाऱ्या दुकानदारालाही लागतो. 'फाब्रिकाँ' म्हणजे निर्माता. परंतु हा निर्माता पुष्कळदा इतरांनी केलेले भाग जुळवून घेणारा असे.

लेओपोल्द बेर्नार हे नाव या दृष्टीने बोधप्रद आहे. हा पारिसचा नामांकित कानोनिए. त्याचे नाव नळीवर आढळले म्हणजे नळी त्याची. बंदूक त्याची असे नव्हे. माझी चूक नेमकी येथे झाली. आमच्या विद्यार्थिनीने आणलेल्या एका ठशात 'झाँ ब्रय' हे नाव स्वच्छ होते, आणि मी बंदुकीचा कर्ता सापडला असे तिला सांगून टाकले. झाँ ब्रय हा सेंत-एत्येनचा नळीकार होता. त्याच्या नळ्या वापरून बंदुका करणारे अनेक होते. दुसऱ्या दिवशी मला माझे विधान मागे घ्यावे लागले.

याच्या उलट, कधी नाव असते ते संपूर्ण संस्थेच्या प्रमुखाचे. व्हर्सायच्या शस्त्रशाळेतील उंची शस्त्रांवर निकोला-नोएल बूते याचे नाव 'दिरेक्तर आर्तिस्त' या पदवीसह येते. ते स्वहस्ते काम करणाऱ्या एकाकी कारागिराचे नाव नसून मोठ्या कारागीरवर्गावर देखरेख करणाऱ्या प्रमुखाचे आहे. तर कधी नाव असते ते शोधकाचे. मोडून मागून भरण्याची बंदूक १८३५ च्या सुमारास कासिमीर लफोशे याने रूढ केली, आणि त्यानंतर 'लफोशे पद्धती' अशा अर्थाचे शब्द इतरांनी बनविलेल्या असंख्य बंदुकांवर आले. तेथे ते विशेषनाम राहिलेच नाही; ते जातिवाचक झाले. एका व्यक्तीच्या नावाचा असा अर्थविस्तार भाषेच्या अभ्यासकास अपरिचित नाही. परंतु संग्राहक मात्र त्यापायी दरवेळी फसतो.

संस्थांच्या नावांतही असाच घोटाळा होतो. सेंत-एत्येन येथे १७६४ मध्ये स्थापन झालेली राजकीय शस्त्रशाळा ही सैन्यासाठी शस्त्रे करणारी. एत्येन मिमार व प्येर ब्लाशों यांनी १८८५ मध्ये उभारलेला, पुढे 'मान्युफ्रान्स' या संक्षिप्त नावाने प्रसिद्ध झालेला आणि 'इदेआल' व 'रोब्युस्त' या शिकारी बंदुका विकणारा कारखाना सर्वस्वी खाजगी. दोहोंच्या लांबलचक नावांत 'मान्युफाक्त्यूर', 'आर्म' आणि 'सेंत-एत्येन' हे शब्द समान असल्याने घाईने वाचणारा शिकारी बंदुकीस सैनिकी ठरवितो. भेद करणारा शब्द 'फ्राँसेझ' हा आहे. तो खाजगी कारखान्याच्या नावात येतो.

३. परीक्षेचा ठसा

ठशाला फ्रेंचमध्ये 'प्वाँसों' म्हणतात. मराठीत 'ठसा' हा शब्द जसा उमटविण्याच्या साधनासही लागतो आणि उमटलेल्या आकृतीसही, तसाच हा शब्द हत्यार व खूण या दोहोंस लागतो. परीक्षेस 'एप्रव्ह' म्हणतात. लॅटिनमधील 'परीक्षा करणे' या अर्थाच्या धातूपासून हा शब्द आला असून, 'पुरावा' या अर्थाचा 'प्रव्ह' हा त्याचा जवळचा नातलग आहे. तथापि दोहोंत भेद आहे. बंदुकीच्या संदर्भात 'एप्रव्ह' म्हणजे कसोटी. सोनाराने कसाला लावून पाहावे तशी.

कसोटीची रीत अशी. नळीत नेहमीपेक्षा अधिक जोराचा भार घालून, माणसे आडोशाला ठेवून, ती उडवितात. नंतर नळी फुगली आहे काय, तिला चीर गेली आहे काय, जोड सुटले आहेत काय, हे बारकाईने पाहतात. जी उतरते तिच्यावर परीक्षागृहाचा ठसा बसतो. म्हणजे हा ठसा विक्रेत्याच्या दाव्याहून भिन्न कोटीतला आहे. दावा करणाऱ्याहून निराळ्या आणि नफ्यातोट्याशी संबंध नसलेल्या अधिकाऱ्याची ती साक्ष आहे. मराठेशाहीतील पत्रांत माथ्यावरचा शिक्का पत्र कोणाचे ते सांगतो आणि शेवटचे मोर्तब पत्र पुरे झाल्याची ग्वाही देते. बंदुकीवरील नाव आणि परीक्षेचा ठसा यांचे नाते काहीसे असेच आहे. फरक एवढाच, की येथे शिक्का एकाचा आणि मोर्तब दुसऱ्याचे.

नेपोलियनच्या १४ डिसेंबर १८१० च्या आज्ञापत्राने खाजगी शस्त्रांच्या नळ्यांची परीक्षा सक्तीची करण्यात आली. पुढे १४ ऑगस्ट १८८५ च्या कायद्याने शस्त्रांची निर्मिती व व्यापार मोकळा झाला आणि परीक्षा ऐच्छिक बनली. परंतु सेंत-एत्येनच्या व्यापारी मंडळाने आपले परीक्षागृह चालू ठेवले, कारण परीक्षित मालास बाजारात मान होता. यावरून एक नियम निघतो : १८८५ नंतरच्या फ्रेंच बंदुकीवर परीक्षेचा ठसा नसला, तर तेवढ्यावरून ती बनावट ठरत नाही. ठसा असला तर तो बोलतो. नसला तर त्याच्या मौनाचा अर्थ त्या काळचा कायदा पाहून लावावा लागतो.

४. ताडपर्णे आणि मुकुट

सेंत-एत्येनच्या परीक्षागृहाची ओळखीची खूण म्हणजे एकमेकांवर फुलीसारखी ठेवलेली दोन ताडपर्णे व त्यांजवर मुकुट. सोबत गावाचे नाव. हे चिन्ह नगराच्या मानचिन्हातून घेतले आहे, आणि नगराचे नाव ज्या संताचे त्याच्याशी त्याचा संबंध आहे. संत स्तेफन हा ख्रिस्ती परंपरेतील पहिला हुतात्मा. ताडपर्ण हे हुतात्म्याचे चिन्ह. ग्रीक भाषेत 'स्तेफानोस' या शब्दाचा अर्थच मुळी मुकुट असा आहे. या नावापासून फ्रेंचमध्ये प्रथम 'एस्त्येन' व नंतर 'एत्येन' असे रूप झाले. शब्दारंभीच्या जोडाक्षरापूर्वी स्वर यावा आणि मागाहून त्यातील सकार लोपावा, ही प्रक्रिया 'स्त्री' शब्दापासून प्राकृतात 'इत्थी' होताना आपण पाहिलेली आहे. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत संताचे नाव नकोसे होऊन या गावाचे नाव काही काळ 'आर्मव्हील', म्हणजे शस्त्रांचे नगर, असे ठेवले होते. ते टिकले नाही.

मुकुट पाहताच राजेशाहीचा काळ मानण्याकडे वाचकाचा कल होतो. हा मोठाच चकवा आहे. 'मुकुटाखाली पी. टी.' या ठशातील अक्षरे 'पूद्र टी' या दारूची आहेत. 'पूद्र' म्हणजे बंदुकीची दारू. पॉल व्हिएय याने १८८४ मध्ये बिनधुराची दारू सिद्ध केली. ती रणांगणासाठी होती. पुढे फ्रेंच सरकारने आपल्या मक्तेदारीखाली शिकारीसाठी अशा प्रकारच्या दारू बनविल्या व त्यांना अक्षरांची नावे दिली. त्यांपैकी 'टी' ही विशेष रूढ झाली. या दारूने परीक्षा झाल्याची खूण म्हणून मुकुटाखाली 'पी. टी.' असा ठसा मारीत; एक मुकुट म्हणजे साधी परीक्षा, दोन मुकुट म्हणजे वरच्या दर्जाची परीक्षा. फ्रान्समध्ये १८७० नंतर राजा वा सम्राट राहिला नव्हता. तेव्हा हा मुकुट ज्या ज्या नळीवर बिनधुराच्या दारूच्या अक्षरांसह आढळतो, ती ती नळी प्रजासत्ताकाच्या काळातीलच असली पाहिजे. येथील मुकुट राजाकडे बोट दाखवीत नाही; एक की दोन, एवढाच भेद तो सांगतो. चिन्हाचे मूल्य त्याच्या चित्रावरून ठरत नसून त्या व्यवस्थेतील इतर चिन्हांशी असलेल्या विरोधावरून ठरते, हा सोस्यूरचा सिद्धान्त इतक्या मूर्त स्वरूपात क्वचितच पाहावयास मिळतो.

५. भाषा फ्रेंच, म्हणून बंदूक फ्रेंच?

फ्रेंच अक्षरे असलेल्या पुष्कळ बंदुका बेल्जियममधील लिएज येथील आहेत. लिएजची भाषा फ्रेंचच. आणि १८१० मध्ये, उपर्युक्त आज्ञापत्र निघाले त्या वेळी, लिएज फ्रेंच साम्राज्यातच होते. त्यामुळे दोन्ही ठिकाणच्या परीक्षापद्धतीचे मूळ एक, परिभाषा एक आणि शब्दही तेच. नळीवर 'आसिए कोकेरिल' असे शब्द आले, तर पहिल्या शब्दाचा अर्थ पोलाद व दुसरा शब्द लिएजजवळील सेरें येथील पोलाद-कारखान्याचे नाव. बंदूक बनविणाऱ्याचे ते नव्हे. 'दामा' हा शब्द आला, तर तो लोखंड व पोलाद यांच्या पट्ट्या पिळून, वेटोळून घडविलेल्या नळीचा प्रकार सांगतो. दमास्कस शहराशी त्याचा संबंध केवळ नावापुरता.

लिएजची खरी ओळख लंबगोलातील 'ई', 'एल', 'जी' ही अक्षरे व तारका. 'लिएजची परीक्षा' या अर्थाच्या फ्रेंच शब्दांचा हा संक्षेप होय. १८९३ पासून या लंबगोलावर मुकुट आला. म्हणून मुकुटविरहित लंबगोल त्यापूर्वीचा व मुकुटासह त्यानंतरचा. हा मुकुट सेंत-एत्येनच्या मुकुटाशी एकरूप मानू नये. एकच अक्षर दोन लिप्यांत दोन ध्वनी दाखविते, तसे हे आहे. लेखाची भाषा बोलणाऱ्याचा प्रदेश सुचविते. निर्णय मात्र परीक्षागृहाच्या ठशावरच करावा.

६. आकडे

आता '१६ ६५' कडे वळू. पहिला आकडा बोअरचा. एक पौंड शिशाच्या सारख्या वजनाच्या सोळा गोळ्या केल्या, तर त्यांपैकी एक गोळी ज्या नळीत बरोबर बसेल ती सोळा बोअरची. म्हणून आकडा वाढतो तसतसा नळीचा व्यास घटतो. सोळा बोअरच्या नळीचा व्यास सुमारे १७ मिलिमीटर. फ्रान्समध्ये शिकारीसाठी हे माप फार लोकप्रिय होते. दुसरा आकडा काडतुसाच्या कोठ्याच्या लांबीचा, ६५ मिलिमीटर. दोहोंचा मिळून सन होत नाही. १६६५ मध्ये कागदी नळकांड्याचे, बूड मारून पेटणारे काडतूस नव्हते, मोडून उघडणारी नळी नव्हती आणि मिलिमीटरही नव्हता. मेट्रिक मापे फ्रान्समध्ये क्रांतीनंतर, १७९५ च्या कायद्याने आली.

हे आकडे केवळ कालनिर्णयापुरते नाहीत. आज सर्वत्र मिळणारी काडतुसे बहुधा ७० मिलिमीटरच्या कोठ्याची असतात. झाकलेल्या तोंडामुळे ती लहान दिसतात व ६५ च्या कोठ्यात बसतातही. परंतु उडताना काडतुसाचे तोंड पुढे उघडते, नळीच्या निमुळत्या भागात अडते आणि दाब वाढतो. 'बसले, म्हणजे योग्य आहे' हे अनुमान येथे जिवावर बेतू शकते.

७. कालनिर्णयाची भाषिक साधने

ठशांखेरीज शब्दांतूनही काळ कळतो. 'ब्रवते', म्हणजे सनद वा एकस्व मिळालेला, या शब्दाचे दोन अर्थ संभवतात. त्यापुढे राजाचा किंवा सम्राटाचा उल्लेख असेल, तर ती दरबारी नेमणुकीची सनद. आणि राजवट कोणती यावरून काळाची मर्यादा मिळते. त्यापुढे 'एस. जी. डी. जी.' ही चार अक्षरे असतील, तर ते शोधाचे एकस्व. 'सरकारच्या हमीविना' अशा अर्थाच्या शब्दांचा हा संक्षेप. ५ जुलै १८४४ च्या कायद्याने एकस्वे पूर्वपरीक्षेवाचून देण्यात येऊ लागली, आणि एकस्वाचा उल्लेख करणाऱ्यास हे शब्द जोडणे भाग पडले. १९६८ च्या कायद्याने ही पद्धत बदलली. म्हणून ही अक्षरे १८४४ पूर्वीची असू शकत नाहीत. त्यांस गुणवत्तेची ग्वाही समजणारे वाचक आढळतात; वस्तुतः ती हमी नसल्याची कबुली आहे.

पत्ताही साक्ष देतो. पारिसच्या गास्तीन-रनेत या प्रसिद्ध शस्त्रकारांचे दुकान दाँतँ नावाच्या रुंद रस्त्यावर होते. त्या रस्त्याचे नाव १९१८ मध्ये इटलीच्या व्हिक्टर इमॅन्युएल तिसरा या राजावरून ठेवले गेले व १९४६ मध्ये फ्रँकलिन रूझवेल्टवरून. दुकान हलले नाही, रस्त्याचे नाव हलले. आणि बंदुकीवर कोरलेले जुने नाव तिच्या काळाची सीमा सांगत राहिले.

८. प्रस्तुत बंदूक

वरील पद्धतीने त्या बंदुकीचे वाचन असे होते. वरच्या पट्टीवर दिजों येथील आर्म्युरिएचे नाव : हा विक्रेता. नळीखाली झाँ ब्रय : हा नळीकार. ताडपर्णे, मुकुट व गावाचे नाव : सेंत-एत्येनचे परीक्षागृह. दोन्ही नळ्यांवर एकेरी मुकुटाखाली 'पी. टी.' : बिनधुराच्या दारूची साधी परीक्षा. १६ आणि ६५ : बोअर आणि कोठा. यंत्रणेवर 'एस. जी. डी. जी.' : एकस्व. बंदूक जुळविणाऱ्याचे नाव कोठेच नाही, आणि ते विक्रेत्याच्या वा नळीकाराच्या नावाने भरून काढण्याचा अधिकार आपल्याला नाही. काळ मात्र दोन्ही बाजूंनी बांधला जातो : बिनधुराची शिकारी दारू रूढ झाल्यानंतर, आणि १९६८ पूर्वी.

राहिला प्रश्न बार काढण्याचा. परीक्षेचा ठसा खरा आहे, तेव्हा बंदूक सुरक्षित आहे, असे तरुण मंडळींचे म्हणणे पडले. येथे ठशाचा काळ ओळखला पाहिजे, व्याकरणातला काळ. 'परीक्षा झाली' हे भूतकाळाचे विधान आहे. त्या दिवशी, त्या जाडीच्या भिंतीसह, त्या दारूच्या भारास ही नळी टिकली, एवढेच तो सांगतो. त्यानंतर पन्नास-साठ पावसाळ्यांत गंजाने किती खाल्ले, कोणी आतून किती घासले, कोठा वाढविला की काय, यांविषयी तो काही बोलत नाही. ते ठरविण्यास नळीच्या भिंतीची जाडी मोजणारा जाणकार शस्त्रकारच हवा. वाचकाचे काम वाचनापाशी संपते.

हे मी त्या विद्यार्थिनीच्या आजोबांना पत्राने कळविले. पुरंदरच्या तहाचे वर्ष गळून पडल्याचे त्यांना वाईट वाटले असणार. त्यांचे उत्तर दोन ओळींचे आले : बंदूक पाटावर पूर्वीप्रमाणेच मांडू; बार काढणार नाही; आणि झेंडूच्या फुलांबरोबर तुमचा कागदही तिच्याजवळ ठेवू.